डाव चुकला की हात चुकला?

दरवर्षी फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी पहाटे साडेचारला उठतो. सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, आपल्याकडं पाचला चालू होतो, बाहेर अजून अंधार, घरातले सगळे झोपलेले, टीव्हीचा आवाज एकदम बारीक करून बसायचं. आधी मी एकटाच असायचो पण आता तात्या पण येऊन बसतात. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. तरुणपणी तालमीत होते, त्यामुळं पहाटे जाग यायची ती यायचीच, मग शाल पांघरून बसतात माझ्या शेजारी. अमेरिकन फुटबॉलचे नियम त्यांना नीट माहीत नाहीत आणि शिकायची फार इच्छा पण नाही, पण ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरनं, म्हणजे बॉल आपल्याकडं असताना टीमच्या चाली ठरवणाऱ्या कोचनं, काम चांगलं केलं का वाईट हे कसं ओळखायचं, यातलं मला जेवढं कळलंय त्यातलं निम्मं तात्यांच्याकडनं कळलंय. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं.

आता कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम, पाटाकडील-दिलबहारची मॅच, पेठापेठांची ईर्षा हेच डोळ्यासमोर येणार. तो आपला जीव आहे, मी पण त्याच स्टँडमध्ये मोठा झालोय. हा दुसरा फुटबॉल हातानं खेळायचा, लांबट बॉल, हेल्मेट, अंगावर पॅड. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी एवढंच की चार संधीत दहा यार्ड पुढं सरकायचं, सरकला की परत चार संधी, आणि एकेका संधीला डाऊन म्हणतात. यातली खरी गोष्ट म्हणजे प्रत्येक डाऊनच्या आधी खेळ थांबतो. आपल्या फुटबॉलला कोच काठावरनं ओरडतो आणि आतली पोरं आपल्या मनानं खेळतात, इथं मात्र प्रत्येक वेळी पुढची चाल कुणीतरी ठरवून आत पाठवतं. मागचा प्ले, म्हणजे मागची चाल, संपला की ४० सेकंदाचं घड्याळ चालू होतं, क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य गड्याच्या, हेल्मेटात स्पीकर असतो त्यातनं चाल सांगायची, आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद. म्हणजे सांगणाऱ्याच्या हातात जेमतेम २५ सेकंद. त्यात समोरच्यांनी कुठली माणसं आत पाठवली ते बघायचं, आपली कुठली पाठवायची ते ठरवायचं, मोठ्या कागदावरनं चाल निवडायची, ती बोलायची, आणि पुढच्या वेळी काय करायचं ते पण डोक्यात ठेवायचं. एका मॅचमध्ये असं साठ-सत्तर वेळा.

आणि आपण काय करतो, तर प्ले संपल्यावर बघतो. यार्ड मिळाले तर हुशार, नाही मिळाले तर हाकला त्याला.

मी पण हेच करत होतो. २०१५ चा सुपर बोल, सिॲटल सीहॉक्स आणि न्यू इंग्लंड पॅट्रियट्स. आपल्याकडं सकाळचे साडेआठ होत आले होते, मला कामावर जायचं होतं, डबा भरून तयार होता तरी पाय निघेना. पॅट्रियट्स २८-२४ नं पुढं. सीहॉक्सच्या कर्सनं पडता पडता, पायावर-मांडीवर बॉल उडवत एक कॅच घेतला आणि टीम शेवटच्या रेषेपासनं एकदम पाच यार्डावर आली, पुढच्या प्लेला रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, मार्शॉन लिंचनं चार यार्ड रेटत नेले. राहिला एक यार्ड. एक! दुसरा डाऊन, २६ सेकंद, एक टाइमआऊट शिल्लक, आणि तुमच्याकडं लिंचसारखा बैल. त्यांनी पास टाकला. माल्कम बटलर नावाच्या पहिल्याच वर्षाच्या पोरानं, ज्याला नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं पण नव्हतं, तो बॉल मधल्या मध्ये उचलला, ह्याला इंटरसेप्ट म्हणतात, आणि संपलं. मी असा ओरडलो की शेजारच्या काकू दारात आल्या. सीहॉक्सचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर डॅरेल बेव्हेल, त्याला आणि हेड कोच पीट कॅरोलला मी त्या दिवशी फेसबुकवर काय काय लिहिलं ते इथं सांगत नाही, जगातला सगळ्यात वाईट कॉल वगैरे सगळे म्हणत होते तेच.

मग काही दिवसांनी डोकं थंड झाल्यावर मी कागद घेऊन बसलो. २६ सेकंद, तीन डाऊन, एक टाइमआऊट. दुसऱ्या डाऊनला लिंचला दिला आणि अडवला तर घड्याळ थांबवायला टाइमआऊट गेला. तिसऱ्याला परत दिला आणि परत अडवला तर घड्याळ पळत राहणार, सगळी माणसं ढिगाऱ्यातनं उठवून चौथ्यासाठी उभी करायची म्हणजे नुसता गोंधळ. पण दुसऱ्याला पास टाकला आणि तो खाली पडला तर घड्याळ फुकटात थांबतं, टाइमआऊट हातात राहतो, मग तिसरा आणि चौथा दोन्ही डाऊन निवांत लिंचला देता येतात. म्हणजे पासमुळं तीन पूर्ण संधी मिळत होत्या. शिवाय समोर पॅट्रियट्सनी जाडजूड माणसं आत घातली होती, रन, म्हणजे बॉल घेऊन पळणं, अडवायलाच. आणि त्या सीझनमध्ये पूर्ण लीगमध्ये एक यार्डावरनं त्या आधी शंभरावर पास टाकले गेले होते त्यातला एकही इंटरसेप्ट झाला नव्हता, लिंचला मात्र एक यार्डावरनं पाच वेळा बॉल दिला होता आणि टचडाऊन, म्हणजे बॉल त्या रेषेपलीकडं, झाला होता एक.

हे सगळं मला कॉलच्या आधी माहीत असायला हवं होतं, निदान बेव्हेलला तरी माहीत असणार हे मनात यायला हवं होतं. आलं नाही, कारण मी बॉल बटलरच्या हातात बघितला होता आणि तिथनं उलटं मागं आलो होतो.

पण मी अजूनही त्या कॉलला बरोबर म्हणत नाही. पास टाकायचं ठरवणं बरोबर होतं, तोच पास निवडणं बरोबर नव्हतं. एक यार्डावर मधल्या गर्दीत आडवा स्लँट टाकायचा म्हणजे बॉल जिथं जाणार तिथं दहा हात. दोन रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारे, एका बाजूला उभे, पुढच्या कर्सनं आपल्या माणसाला अडवून धरायचं आणि मागनं लॉकेटनं आत घुसायचं, अशी चाल. कर्सच्या समोर ब्रँडन ब्राऊनर, त्यानं कर्सला जागेवरनं हलूच दिलं नाही, त्यामुळं बटलरला वाट सरळ मोकळी मिळाली. आणि बटलरनं ती वाट ओळखली कशी, तर त्याच आठवड्यात सरावाला ह्याच चालीवर तो फसला होता, उशिरा पोचला होता. समोरचा माणूस ती चाल पाठ करून आला होता. जो पास चुकला तर नुसता मैदानाबाहेर पडेल, कोपऱ्यात वर टाकायचा किंवा क्वार्टरबॅकनं बाजूला पळत जाऊन टाकायचा, तसला निवडला असता तर मी आज बेव्हेलच्या बाजूनं उभा राहिलो असतो, जरी तो पास पडला असता तरी.

त्यानंतर मी वही चालू केली. साधी लांबडी वही, हिशेबाची असते तसली. चार रकाने. पहिल्यात डाऊन किती, यार्ड किती, वेळ, स्कोअर. दुसऱ्यात मी काय खेळलो असतो, आणि हे स्नॅपच्या, म्हणजे बॉल हलायच्या, आधी लिहायचं, ही सक्ती. तिसऱ्यात त्यांनी काय खेळलं. चौथ्यात काय झालं, ते लाल पेनानं. सगळ्या मॅचला नाही जमत, रात्री साडेदहाला किंवा थंडीत साडेअकराला चालू होणाऱ्या मॅच असतात, दुसऱ्या दिवशी काम असतं, पण महिन्यातनं एक-दोन तरी पूर्ण करतो. पहिल्या मॅचला मला जो धक्का बसला तो अजून आठवतोय, दुसरा रकाना निम्म्याहून जास्त कोराच राहिला. पंचवीस सेकंदात मला काही सुचतच नव्हतं! तिसरा डाऊन, सात यार्ड, आता काय? पास. बरं पास, पण कुठला, कुणाला, किती लांब, समोरच्यांनी जास्तीचे दोन अंगावर पाठवले तर कोण अडवणार? पेन हातात तसंच आणि स्नॅप झालेला. घरात बसून ज्याला काही सुचत नाही त्यानं दुसऱ्याला चुकला म्हणताना जरा थांबावं एवढं तरी मला त्या दिवशी कळलं.

आता तात्यांच्याकडं येतो. पहिल्यांदा ते बसले तेव्हा पहिल्या डाऊनला रन झाला, दोन यार्ड. परत पहिला डाऊन, परत रन, एक यार्ड. मी चिडलो, म्हटलं बघा तात्या, वाया घालवतोय नुसता. तात्या म्हणाले, "आरं थांब की लेका. खडाखडी चाललीया त्येंची."

खडाखडी म्हणजे कुस्ती बघणाऱ्याला सांगायला नको. सलामी झाली की दोन्ही पैलवान एकमेकाच्या मानेवर हात टाकून, मनगट धरून, रेटून, ओढून बघतात, समोरचा कुठल्या पायावर भार टाकतो, ओढल्यावर पुढं येतो का मागं रेटतो. ज्याला कुस्ती कळत नाही तो म्हणतो काय नुसती ढकलाढकली चाललीय. तात्यांनी खासबागेत अशा शेकडो कुस्त्या बघितल्यात, काही स्वतः पण मारल्यात, त्यांना त्या दोन यार्डाच्या रनमध्ये ते दिसलं. "त्येनं उजवीकडं रेटला, तवा त्यो मधला गडी कसा धावला बघितलंस का? आता त्येला तिकडंच धावू दे." आणि खरंच, तीन-चार प्लेनंतर तीच मांडणी, तशीच उजवीकडं बॉल दिल्यासारखं केलं, समोरच्यांचा लाइनबॅकर, तोच बचावातला मधला गडी, धावला तिकडं, आणि क्वार्टरबॅकनं बॉल पोटाशी धरून ठेवलेला, त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत पास. बावीस यार्ड. ह्याला प्ले-ॲक्शन म्हणतात. तात्या शालीतनं हात बाहेर काढून म्हणाले, "ढाक दावली आन पट काढला." म्हणजे दाखवला एक डाव आणि मारला दुसरा, पट म्हणजे समोरच्याचा पाय ओढायचा डाव.

तेव्हापासनं मी एकेक प्ले सुटा सुटा मोजायचं सोडून दिलं. कोऑर्डिनेटरचं काम बघायचं तर हा प्ले कशाची तयारी होती आणि ती तयारी पुढं वापरली का, हे बघायला लागतं. बिल वॉल्श नावाचे फार मोठे कोच होऊन गेले सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे, ते मॅचच्या सुरुवातीचे पंधरा-वीस प्ले आधीच कागदावर लिहून आणायचे, आता बरेच जण आणतात. त्यात जिंकायचे प्ले असतात तसे नुसते विचारायचे प्ले पण असतात, हा माणूस असा पळाला तर तुम्ही काय करता? पहिल्या पंधरात पॉइंट किती आले यापेक्षा, तिथं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या क्वार्टरमध्ये वापरलं का, हे मी वहीत शोधतो. काही कोऑर्डिनेटर असे असतात की लिहून आणलेला कागद संपला की त्यांची टीम पण संपते. समोरच्यानं हाफटाइमला दार लावलं की ह्यांच्याकडं दुसरी किल्ली नसते. असला माणूस मला आवडत नाही, मग त्याचे आकडे कितीही चांगले असू देत.

इथं एक गोष्ट अशी आहे की आकडेवारीवाले लोक म्हणतात प्ले-ॲक्शन चालायला रन चांगला चालायची गरज नाही, टीम रनमध्ये कमजोर असली तरी तो चालतो. मला हे तात्यांच्या खडाखडीच्या उलट वाटलं, म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मग? पट काढणारा म्हणून नाव असलं की झालं. पट निघायला कशाला पायजे, समोरचा पाय मागं घेतोच." मला हे इतकं पटलं, कारण लाइनबॅकर काय हिशेब करून धावत नाही, त्याला लहानपणापासनं शिकवलेलं असतं की बॉल रनिंग बॅकच्या पोटाजवळ गेला की पुढं धाव.

उलट एक सवय अशी आहे जी दिसली की मी त्या कोऑर्डिनेटरला लगेच लाल पेनानं खूण करतो. पहिल्या डाऊनला पास टाकला, तो पडला, आता दुसरा डाऊन आणि दहा यार्ड, आणि त्यानं रन लावला. हे फार जण करतात, वर्षानुवर्षं. त्यात तयारी नसते, विचारणं नसतं, नुसती भीती असते की परत पास पडला तर तिसऱ्याला दहा राहतील. मग तीन यार्ड मिळतात आणि तिसऱ्याला सात राहतात, आणि समोरच्याला पक्कं माहीत असतं की आता पास येणार. मागच्या प्लेचं दुखणं घेऊन पुढचा प्ले निवडला की असं होतं.

आता ज्या मॅचनं मला सगळ्यात जास्त शिकवलं ती सांगतो. २०१७ चा सुपर बोल, अटलांटा फाल्कन्स आणि परत पॅट्रियट्सच. फाल्कन्सचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर काइल शॅनाहन. त्या सीझनला ह्या माणसाच्या टीमनं ५४० पॉइंट केले होते, लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि मॅचमध्ये २८-३ नं पुढं होते. अठ्ठावीस-तीन! आणि हरले. ओव्हरटाइममध्ये ३४-२८. दुसऱ्या दिवशी सगळं खापर शॅनाहनच्या डोक्यावर, रन का नाही लावलास म्हणून. पण त्यात दोन कॉल आहेत आणि लोक दोन्हींची एकच मोळी बांधतात, ते मला मान्य नाही.

पहिला कॉल, चौथा क्वार्टर, २८-१२, तिसरा डाऊन आणि एक यार्ड हवा. शॅनाहननं पास लावला. पॅट्रियट्सच्या हायटॉवरनं येऊन क्वार्टरबॅक मॅट रायनच्या हातातला बॉल उडवला, पॅट्रियट्सनी तो उचलला आणि थोड्या वेळात टचडाऊन. लोक म्हणतात एक यार्डाला पास कशाला? मी तो प्ले कितीतरी वेळा परत बघितलाय. लांबवर रिसीव्हर मोकळा निघत होता. चालीनं आपलं काम केलं होतं. हायटॉवरच्या वाटेत रनिंग बॅक फ्रीमन उभा होता आणि त्याच्याकडनं तो सुटला, अंगाला अंग पण नीट लागलं नाही. अर्धा सेकंद अजून मिळाला असता तर कदाचित मॅच तिथंच संपली असती. हा हात चुकला. डाव नाही.

दुसरा कॉल त्यानंतरचा. आता २८-२०. जुलिओ जोन्सनं साइडलाइनला पाय कसेबसे आत ठेवून असा कॅच घेतला की मी उठून उभा राहिलो, आणि फाल्कन्स पॅट्रियट्सच्या २२ यार्डावर. साडेचार मिनिटं शिल्लक. इथनं फील्ड गोल म्हणजे चाळीस यार्डाच्या आसपासची किक, मॅट ब्रायंटसारखा खात्रीचा किकर उभा. तीन पॉइंट मिळाले की लीड अकरा, म्हणजे पॅट्रियट्सना दोन वेळा स्कोअर करायला लागणार. काही करायची गरज नव्हती, फक्त मागं जायचं नव्हतं. पहिल्या डाऊनला रन, एक यार्ड मागं. ठीक. दुसऱ्या डाऊनला शॅनाहननं पास लावला, रायन मागं मागं गेला आणि बारा यार्ड मागं सॅक झाला, म्हणजे पास टाकायच्या आधीच पाडला गेला. पुढच्या प्लेला पास पूर्ण झाला पण होल्डिंगचा, समोरच्याला धरून ठेवल्याचा, दंड, अजून दहा मागं. आणि पंट, म्हणजे लांब किक मारून बॉल समोरच्यांना देऊन टाकला. मग पॅट्रियट्सनी ९१ यार्ड जाऊन बरोबरी केली.

रायननं बॉल बाहेर फेकून द्यायला हवा होता हे खरं आहे. पण त्याला तिथं उभं कुणी केलं? हा कॉल मी बॉल हलायच्या आधी पण चूकच म्हटला असता आणि माझ्या वहीत दुसऱ्या रकान्यात लिहिलेलं आहे, रन, रन, किक. जमलं तर किती फायदा, फसलं तर किती तोटा, ही दोन पारडी कधीच बरोबरीची नसतात, आणि तिथं तोट्याचं पारडं जमिनीला टेकलं होतं. ती मॅच मी तात्यांना नंतर रेकॉर्डिंग लावून दाखवली होती. ते एवढंच म्हणाले, "वर हाय न्हवं आपुन? मग खालच्याला पाय कशाला द्यायचा?"

एवढं सगळं लिहिल्यावर सुद्धा आपल्याला बाहेरनं किती कमी दिसतं हे सांगायलाच पाहिजे, आणि ते मला अमेरिकेतल्या नाही, शाहू स्टेडियमवरच्या मॅचनं शिकवलं. आमच्या पेठेच्या टीमची सेमीफायनल होती. एक गोलनं मागं, वीस-बावीस मिनिटं राहिलेली, आणि आमच्या कोचनी आमचा सगळ्यात भारी स्ट्रायकर बाहेर काढला. स्टँडमध्ये आग लागली. "काय करालाईस रं, गोल कोण मारणार, तू?" असं माझ्या मागनं एकजण ओरडला आणि मी पण त्यातच होतो, मागं नव्हतो. हरलो. दोन दिवस व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या माणसाला जे काही ऐकून घ्यावं लागलं ते वाईट होतं.

नंतर एका रात्री गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर ते भेटले. एकटेच उभे होते, हातात ग्लास. मी धीर करून विचारलं, "मामा, त्याला का काढला वो?" त्यांनी जरा वेळ काही सांगितलंच नाही. मग म्हणाले, "हाफटाइमलाच मांडी धरली होती त्यानं. मला म्हणाला कुणाला सांगू नका. सांगितलं असतं तर समोरच्या बॅकनं त्याच पायावर घेतला असता. पंधरा-वीस मिनिटं ओढली त्यानं तशीच, मग मला हात केला." मी त्यांना विचारलं मग आता तरी ग्रुपवर सांगा की, लोक काय काय बोलतायत. म्हणाले, "पुढच्या मॅचला पण तोच बॅक असला तर?"

मी घरी येताना पूर्ण वाटेत तेच डोक्यात. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर प्रेसच्या समोर येऊन काय सांगणार, की माझ्या डाव्या टॅकलचा, क्वार्टरबॅकला राखणाऱ्याचा, खांदा हलत नाही म्हणून मी लांबचे पास बंद केले? की ह्या आठवड्यात पाऊस झाला म्हणून चौथ्या क्वार्टरच्या चाली सरावाला घेताच आल्या नाहीत? की माझा क्वार्टरबॅक उजवीकडं बघून टाकायला घाबरतोय? तो म्हणणार, "माझी चूक, मी त्या पोरांना चांगल्या जागेवर ठेवायला पाहिजे होतं." आणि आपण म्हणणार बघा, स्वतःच कबूल केलंय. म्हणून मी एका मॅचवरनं कुणाबद्दल काही ठरवत नाही. सहा-आठ मॅचमध्ये तीच गोष्ट परत परत दिसली तर त्याला कॉलिंगचा दोष म्हणतो.

टीव्हीचं पण आहे. शाहू स्टेडियमच्या स्टँडमधनं पूर्ण मैदान दिसतं, कोण मोकळा आहे कोण नाही ते पोरसवदा प्रेक्षकाला पण कळतं. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागं असतो. पास पडला की आपण म्हणतो काय कॉल दिला, पण त्याच वेळी दुसऱ्या बाजूला रिसीव्हर पूर्ण मोकळा हात वर करून उभा असू शकतो आणि क्वार्टरबॅकनं तिकडं बघितलंच नसेल. बावीसच्या बावीस माणसं दिसतील असं उंचावरनं घेतलेलं चित्रण मिळतं नंतर, ते बघितल्याशिवाय मी वहीतला निकालाचा रकाना पक्का करत नाही.

आणि आधी कॉल देतंय कोण ते तरी बघा. अँडी रीड, शॉन मॅकव्हे, आता हेड कोच झालेला हाच शॅनाहन, हे लोक हेड कोच असून चाली स्वतः सांगतात, त्यांच्या टीममध्ये ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर असला तरी मॅचच्या वेळी चाली त्याच्या नसतात. २०१८ च्या सुपर बोलला ईगल्सनी चौथ्या डाऊनला क्वार्टरबॅक निक फोल्सलाच पास पकडायला लावला, टचडाऊन झाला. कोऑर्डिनेटर होता फ्रँक राइक, चाली सांगत होता हेड कोच डग पीडरसन, आणि ती चाल सुचवली काठावर येऊन खुद्द फोल्सनं. पीडरसननं क्षणभर विचार केला आणि हो म्हणाला. त्याचं श्रेय कुणाला द्यायचं? मला विचाराल तर ज्यानं सरावात ती चाल घोटून घेतली होती आणि जो आपल्या पोराचं ऐकून हो म्हणाला त्याला.

परवा मी २०१५ चा तो शेवटचा मिनिट तात्यांना परत दाखवला. थांबवून थांबवून, घड्याळ, टाइमआऊट, तीन डाऊन, समोरची जाड माणसं, सगळा माझा हिशेब समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, चहा संपवला, आणि म्हणाले, "तुझा हिशेब बरोबर आसंल. पर मागच्या डावाला त्यो गडी चार यार्ड रेटत गेला तवा त्ये समोरचे कसं उठले बघ की. कमरंवर हात ठेवून उठले. दम लागलेला जोड समोर हाय, तवा ताकदीचाच डाव टाकायचा आसतो."

मी परत मागं घेऊन बघितलं. बघितल्यावर मला माझ्या हिशेबात दम लागणं कुठल्याच रकान्यात नव्हतं एवढं दिसलं. पण मी अजून पासच म्हणतोय, कोपऱ्यातला. वहीच्या त्या पानावर दुसऱ्या रकान्यात आता दोन ओळी आहेत, माझी वरची, आणि खाली तात्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली, "लिंच". येत्या सीझनला दमाचा एक पाचवा रकाना पाडायचाय, तो टीव्हीवरनं भरायचा कसा ते तात्यांनाच विचारावं लागेल.